डावी पंगत

बिघाड काकाजींच्या मेंदूत होता आणि मी त्यांना चष्मा करून आणला. सोनेरी काड्यांचा, चांगला. दुकानदाराने भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर काकाजींनी प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं वाचली आणि खालच्या ओळीवर गेले. दुकानदार म्हणाला, "शुरू से पढ़ो, दादाजी." काकाजी भडकले. "शुरूपासूनच वाचून राहिलो ना!" सगळं निदान त्या एका वाक्यात होतं. पण मी पडलो बिछायतवाला. मंडप, सतरंज्या, गंज आणि पराती भाड्याने देणारा माणूस. मी दुकानदाराला म्हटलं, नंबर थोडा वाढवून द्या.

काकाजी नवेगाव बांधच्या अलीकडच्या आमच्या गावचे पोवार शेतकरी. इटियाडोहच्या नहरावर त्यांचं धान होतं, पण शेतीवरून त्यांना कोणी ओळखत नसे. ओळखत ते भातावरून. लग्न असो, साक्षगंध असो, तेरवी असो, आसपासच्या गावांत भात वाढणार काकाजी. बांबूचं टोपलं डाव्या कमरेवर, उजवा हात मोकळा, धोतर खोचलेलं. वरण कोणीही वाढा, भाजी कोणीही फिरवा. भाताच्या टोपल्याला दुसऱ्याने हात लावला की ते त्याच्याकडे असं बघत, जणू त्याने त्यांच्या बैलांची जोडी सोडून नेली. बसलेल्या माणसाची मांडी बघून ते भात टाकत. "हा बारीक दिसते, पण खाते," असं पुटपुटत एखाद्या काडीपैलवानाच्या पत्रावळीवर डोंगर घालत, आणि तो काडीपैलवान तो डोंगर संपवत असे.

"भात मांगाव लागला तं वाढणारा मेला समजा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मागायच्या आत भात पोचला पाहिजे. आणि पोचलेला भात संपला पाहिजे. पत्रावळीत भात टाकून उठणाऱ्याला त्यांनी सोडल्याचं मला आठवत नाही, मग तो पाहुणा असो की पुढारी. "कंबरभर चिखलात बाया धान लावतेत, अन् तू पानात टाकून उठते? बस खाली!" माणूस बसत असे. एकदा एका मोठ्या कंत्राटदाराला त्यांनी असं बसवलं, आणि तो बसलेला असताना मी शेजारून पाण्याचा जग त्याच्या मांडीवर सांडला. काकाजींनी तेवढ्यात मलाही पोवारीतून दोन घातल्या. शिव्या देताना ते पोवारीत जात, हिशेबी बोलताना झाडीबोलीत राहत आणि गोंदियाच्या लोकांशी त्यांची स्वतःची एक हिंदी होती, जी हिंदीवाल्यांनाही समजत नसे.

मला ते 'बिछायत' म्हणत. माझ्या वडिलांनाही बिछायतच म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याबद्दल मला शंका आहे. "ए बिछायत, सतरंजी ओली काऊन आहे?" "ए बिछायत, पाहुण्याच्या तोंडावर ऊन घेतलं का तू? ये, तूच बस इथं." आणि मी खरंच उन्हात बसलो होतो. बफे सुरू झाले तेव्हा मी हौसेने लांब टेबलं घेतली, तर ते टेबलांना लाथ मारून बघत म्हणाले, "ही गव्हाण कोणाच्या ढोरायसाठी आणली?"

आजार आला तो धानाची रोवणी आटोपल्यावर. सकाळी शेताच्या बांधीत उभे असताना काकाजींच्या डाव्या हातातून कुदळ गळून पडली आणि ते कुदळीवरच खेकसले. गोंदियाच्या दवाखान्यात काही दिवस काढून परतले तेव्हा हात हलत होता, पाय चालत होता आणि तोंड तर एक दिवसही थांबलं नव्हतं. गाव म्हणालं, बचले. सुटी देताना तिथल्या एका पोरसवदा डॉक्टरने व्हरांड्यातून चालता चालता मला सांगितलं होतं, "लेफ्ट साइड का ध्यान रखना." मी मान डोलावली. घरी आल्यावर मोहाच्या बियांचं तेल आणलं आणि कितीतरी दिवस त्यांचा डावा हात चोळत बसलो. आज मला त्या डॉक्टरचा राग येतो. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं वाक्य, तेही पाठ फिरवून? पण त्याच्यावर चिडायला लागलो की ती तेलाची बाटली डोळ्यांपुढे येते.

घरी तमाशा सुरू झाला. काकाजी दाढी करत ती उजव्या गालाची. चप्पल घालत ती उजव्या पायात, आणि डावा पाय तसाच घेऊन गावभर फिरून येत. सगळ्यात मोठं भांडण जेवायला बसल्यावर. ताटातला उजवीकडचा भात संपवून ते काकीजींवर ओरडत, "अर्धा भात वाढते! घरात अकाल पडला का?" डावीकडे भाताचा ढीग तसाच. काकीजी पहिले काही दिवस रडल्या. मग एकदा रागाने त्यांनी ताटच गरकन फिरवलं. काकाजी थक्क. "आता कोठून आणला? लपवून ठेवला होता ना?" आणि राहिलेला भात जेवले. तेव्हापासून काकीजी अर्ध्या जेवणात ताट फिरवत आणि चोरीचा आळ ऐकून घेत. मला हे सगळं माहीत होतं. मी त्यावरून काय ओळखलं? नजर कमी झाली. म्हणून तो चष्मा.

आणि गंमत अशी की पंगतीत काही कळत नव्हतं. आजारानंतर दोन लहान कार्यक्रमांत काकाजींनी भात वाढला, सगळे पोटभर जेवले. आमच्याकडे दोन ओळी समोरासमोर बसतात आणि वाढणारा मधल्या वाटेने जातो. काकाजी जाताना उजवी ओळ वाढत. टोकाला जाऊन परत वळले की दुसरी ओळ आपोआप उजवीकडे येई, तिला वाढत येत. हे जर तसंच चालू राहिलं असतं, तर त्यांच्या मेंदूत काय झालंय हे कोणालाच कळलं नसतं. पण मी वन-वे काढला.

त्यांची धाकटी मुलगी चेतना, तिचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा. मुलाकडचे आमगावच्या बाजूचे, मोठं खटलं. वाढणारे एकमेकांवर आदळतात म्हणून मी मंडपाचं मागचं कापड उघडलं आणि सगळ्यांना ताकीद दिली: एकीकडून शिरायचं, दुसरीकडून निघायचं, परत फिरायचं नाही. गोंदियाच्या बाजारातल्या रस्त्यावर असंच असतं, असं मी अभिमानाने सांगितलंही. उजव्या ओळीत आमचं गाव बसलं. डाव्या ओळीत मुलाकडचे.

काकाजी टोपलं घेऊन शिरले, उजवी ओळ वाढत गेले आणि मागून बाहेर पडले. पुन्हा भरून आले, पुन्हा उजवी ओळ. आमच्या गावचे लोक पत्रावळीवर हात आडवे धरून "पुरे, पुरे" म्हणत होते आणि समोर मुलाकडच्यांच्या कोऱ्या पत्रावळींवर वरण येऊन पडलं होतं. ते वरण पत्रावळीच्या काठाकडे वाहत चाललं होतं. मुलाचे मोठे काका, ज्यांना त्यांच्या गावात पटील म्हणतात, त्यांनी हाक दिली, "ओ व्याही, इकडे भात!" काकाजी थांबले. उजवीकडे बघितलं. तिथे भात होता. "वाढला ना, जेवा!" असं दरडावून पुढे गेले. पटलांनी दुसऱ्यांदा हाक दिली. काकाजी पुन्हा उजवीकडे बघून म्हणाले, "कोण बोंबलून राहिलं रे?"

पटील पत्रावळीवरून उठले. त्यांच्यामागे अख्खी डावी ओळ उठली. ज्यांनी पंगत पाहिली आहे त्यांना मी काही सांगायला नको. आणि काकाजी मंडपाच्या मागे टोपलं भरत विचारत होते, "मुलाकडचे अजून बसले काऊन नाही?"

त्या दिवसानंतर लोकांनी जे बोलायला सुरुवात केली ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. एक म्हणाला, पिऊन आले होते. ज्या माणसाने मोहाचं फूल फक्त बैलाला खाऊ घातलं, तो पिऊन आला होता! दुसरा म्हणाला, हुंडा मागितला असेल, म्हणून डाव काढला. तिसरा म्हणाला, घमेंड, दुसरं काही नाही. काकाजींनी ज्यांच्या तीन-तीन लग्नांत भात वाढला होता ते लोक हे बोलत होते. मी सांगायचो, बाबांनो, आजार आहे. तर म्हणायचे, कोठं आहे? हात बरा, पाय बरा, डोळे तर टकटक उघडे. पाय मोडला असता तर हेच लोक खुर्ची घेऊन धावले असते. डोक्याला पट्टी असती तर नारळ घेऊन भेटायला आले असते. पण आजाराला पट्टी नाही, प्लास्टर नाही, मग तो आजार कसला, तो माज!

चेतनाने मला चष्म्यासकट उचललं आणि आम्ही तिघं सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला गेलो. या वेळी तिने मेंदूची वेगळी डॉक्टर शोधली होती. बाई तरुण होत्या, बोलत हिंदीत, पण खुर्चीवर बसून आणि तोंडाकडे बघून. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. "दादाजी, इसको बीचोबीच काटिए." काकाजींनी उजव्या टोकाजवळ काट मारली. मग घड्याळ काढायला सांगितलं, तर सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले आणि बाईंवरच चिडले. "मले बालवाडीत घातलं का? अन् घड्याळात जागा कमी ठेवली तुमी, माह्यी काय चूक?"

बाईंनी मग जे समजावलं ते मी माझ्या समजुतीने सांगतो; त्यांनी पंगत बहुधा कधी पाहिली नसावी. मेंदूत सगळी कामं एकच जण करत नाही, तिथेही वाढपी वेगवेगळे आहेत. डोक्याच्या मागे खाली लहान मेंदू असतो, तो टोपलं कमरेवर तोलून चालतो. कपाळामागचा भाग आधी भात मग वरण हे ठरवतो. कानांच्या आतल्या अंगाला कोण किती खातो याची आठवण राहते. शब्द बहुतेकांच्या डाव्या बाजूला जुळतात, म्हणून काकाजींच्या शिव्या शाबूत. आणि उजव्या बाजूला, वर, जरा मागे एक जागा आहे, जी डावीकडच्या जगाची दखल घेते. काकाजींचा तेवढा एक वाढपी बसला होता. डोळे डावीकडचं चित्र पाठवत होते, ते घ्यायला दारात कोणी उभं नव्हतं.

"पर इनको समझता क्यों नहीं?" चेतनाने विचारलं. बाई म्हणाल्या, "आपको अपने पीछे का दिखता है क्या? नहीं. तो आप रोते हो क्या, कि पीछे का नहीं दिखता?" आपल्या पाठीमागे काही नाही म्हणून आपण कुठे तक्रार करतो? काकाजींसाठी डावीकडचं जग तसं झालं होतं. अंधार नाही, धूसर नाही. नाहीच. थोडं सुधारेल, बाई म्हणाल्या, हळूहळू. मान डावीकडे वळवायची सवय लावा, ओरडू नका. मग त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. "ये चश्मा किसने बनवाया?" काकाजींनीसुद्धा माझ्याकडे बघितलं. मी नेमका त्यांच्या उजवीकडे बसलो होतो.

आता सगळं समजलंय, या जोरावर मी एकटाच आमगावकडे पटलांना समजवायला गेलो. ही माझी आणखी एक चूक. पटील पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"पटील," मी म्हटलं, "काकाजींच्या मेंदूत उजवीकडे बिघाड आहे."

"आमी तं डावीकडे बसलो होतो."

"उजवा मेंदूच डावीकडचं बघते ना."

"अन् डावा?"

"उजवीकडचं."

"म्हंजे उलटं डोस्कं आहे त्याचं."

"नाही पटील, सगळ्यायचंच तसं असते. तुमचंही."

अडकित्ता थांबला. "माह्या डोस्क्यावर जाऊ नको."

मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस नेमकं खरं बोलतो. म्हटलं, "पटील, त्यांनी तुमचा अपमान कसा करावा? त्यांच्यासाठी तुम्ही तिथं नव्हतेच!"

बाईंनी हे ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. पटलांनी मला पायरी दाखवली. पाठोपाठ निरोप आला. लग्न मोडत नाही, पोराची हौस आहे म्हणून. पण लग्न गोंदियाच्या लॉनवर होईल, जेवण बफे असेल, आणि मुलीच्या बापाने फेटा बांधून सोफ्यावर बसायचं. भाताला हात लावायचा नाही.

हे ऐकून काकाजींचा जो स्फोट झाला तो मी लिहू शकत नाही. अर्धा पोवारीत होता. उरलेला असा: "सोफ्यावर बसू? शेंदूर लावलेला गोटा आहो का मी? माह्या पोरीच्या लग्नात भात दुसरा वाढंन तं बाप मेला असं पत्रिकेत छाप, बिछायत!" मग आवाज एकदम खाली आला. "मी कायले नाई वाढणार त्यायले? मी वाढला ना भात?" त्यांनी तीन-चार वेळा विचारलं. त्या माणसाला आपण काय केलं हे ठाऊक नव्हतं आणि गाव त्याला ते केल्याची शिक्षा देत होतं. मला कोणाचं तरी नरडं धरावंसं वाटत होतं. जवळ सापडेल असं एकच नरडं होतं, वन-वे काढणाऱ्याचं.

चेतनाने मात्र शांतपणे फोन उचलला आणि नवरदेवाला सांगितलं, "भात बाबाच वाढतील. नाही तं लगन करायचं नाही. तुमच्या मोठ्या काकाले एकदा घरी पाठवा, चहाले." पोरगा बरा होता. त्याने काकांना मोटारसायकलवर मागे बसवून आणलं.

अंगणात काकाजी खाटेवर बसले होते. मी घाईघाईत खुर्ची ठेवली ती सावली बघून, खाटेच्या डावीकडे. पटील बसले आणि मग मला चूक कळली. मी खुर्ची उचलायला वाकलो तर चेतनाने माझं मनगट धरलं. "राहू द्या भाऊ. पाहू द्या पटलांना."

काकाजी नवरदेवाशी बोलले, धानाचं विचारलं, मोटारसायकल किती पळते विचारलं. चहा आला. मग ते दाराकडे बघत म्हणाले, "पटील नाही आले का? राग गेला नाही वाटते त्यायचा." पटील हातभर अंतरावर होते. ते खाकरले. काकाजींनी उजवीकडे वळून शोधलं. "मी आलो ना, व्याही," पटील म्हणाले. काकाजी आवाज शोधत आणखी उजवीकडे वळले, खाट करकरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. "कोठून बोलून राहिले? समोर या ना, बापा."

पटलांनी कप खाली ठेवला. ते उठले, खाटेला वळसा घालून उजवीकडे आले. काकाजींचा चेहरा उजळला. "हे पाहा, आता आले! बसा, बसा. चहा आण गं चेतना." पटलांना दुसरा चहा प्यावा लागला. जाताना ते फाटकाशी थांबून मला म्हणाले, "मले वाटलं, माजला आहे." मग त्यांना एकदम माझा राग आला. "तुले नीट सांगता येत नाही का, बे?" आणि फटफटीवर बसता बसता शेवटची अट टाकली, "लगन तुमच्याच गावात होऊ द्या, भात त्यायनंच वाढावा. पण आमची मानसं डाव्या हाताले बसणार नाही."

बसणार कोण? आमच्या गावचेही कोणी डावीकडे बसायला तयार नव्हते. 'डावी पंगत' ही तोवर शिवी झाली होती. मला प्रश्न सुटेना. काकीजी धान पाखडता पाखडता म्हणाल्या, "ताट फिरवलं का जेवतेत ना ते. मंग पंगत फिरव." मी ताडकन उठलो. मंडपाच्या चारी कडांना लोक बसवायचे, तोंडं आत, आणि काकाजींनी आतून फेरी मारायची. मी मोठ्या आनंदाने आखणी करून चालून दाखवलं. ओट्यावरच्या म्हाताऱ्या किंचाळल्या. लोक उजव्या हाताला ठेवून आतून चालायचं म्हणजे फेरी उलटी होत होती. "मयताले घालतेत तशी फेरी पोरीच्या लग्नात घालतो का रे, भाड्या?"

मग मी सतरंज्या उलट्या टाकल्या. दोन ओळी मंडपाच्या मधोमध, पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेर. आता वाढणारा देवळाला घालतो तशी सुलटी फेरी घालणार आणि सगळेच्या सगळे पाहुणे त्याच्या उजव्या हाताला. जगात डावी पंगत उरलीच नाही.

लग्नाच्या दिवशी लोक हसले. नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे एकमेकांना पाठ करून बसलेले, कोणी कोणाला दिसेना. न दिसले तर न दिसले. काकाजी टोपलं कमरेवर घेऊन निघाले आणि एकही पत्रावळ सुटली नाही. फेरीमागून फेरी. कोणी मागायच्या आत भात पडत होता. पटलांसमोर आले. पटील म्हणाले, "दिसलो का आता?" काकाजी म्हणाले, "कायले नाही दिसणार? एवढे जाडे तं आहा," आणि मोठा ढीग टाकून पुढे गेले. पटील मान खाली घालून जेवत राहिले. मी वरण घेऊन मागून येत होतो, त्यांच्या पत्रावळीपाशी बराच वेळ उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं नाही.

काकाजी त्यानंतर धानाचा एक हंगाम पाहून गेले. झोपेतच गेले. तेरवीला तेच सगळे आले होते, पिऊन आला म्हणणारा आणि माज म्हणणारा, आणि डोळे पुसत सांगत होते, असा वाढणारा होणे नाही. सोयीचं पडतं म्हणून त्यांच्या तेरवीला नातेवाइकांनी बफे ठेवला. ज्याने जन्मभर माणसाला बसवून जेवू घातलं, त्याच्या नावाने लोक हातात ताटं घेऊन उभे होते, अर्धा भात टाकत होते आणि त्यांना "बस खाली" म्हणणारं कोणी नव्हतं. मला राग आवरत नव्हता. पण बोलणार कोणाला? टेबलं माझीच होती.

त्यांचा विषय निघाला की मला त्या तेरवीपेक्षा लग्नाचा दुसरा दिवस आठवतो. मी मंडप सोडत होतो. काकाजी काठी टेकत आले, उभे राहून सतरंज्या गुंडाळताना बघत राहिले. मुलगी गेल्याने डोळे सुजले होते. मला वाटलं, आज हा माणूस दोन चांगले शब्द बोलेल. एवढं डोकं लढवलं, लग्न पार पडलं, टोपलं त्यांच्याच कमरेला राहिलं. मीच जवळ गेलो. उजव्या बाजूने गेलो. म्हटलं, "काकाजी, कशी झाली पंगत?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. रागावले नाहीत. उलट आवाज इतका मऊ होता की मी घाबरलो.

"मी काल लोकायसमोर बोललो नाही, बिछायत. पण मानसायले पाठीले पाठ लावून बसवते का कोणी? गोंदियाची ती मॅडम चांगली आहे. एकदा डोस्कं दाखवून ये."